जुना आयमॅक जी५ बॅकअपच्या डिस्कवरून सुरू होत नाही, मदत हवी आहे

मंडळी,

आमच्या छापखान्यात एक आयमॅक जी५ आहे, कॅमेरा नसलेला, पहिल्या खेपेतला. त्यावर टायगर, म्हणजे मॅक ओएस एक्स १०.४. हे धूड अजून कशाला ठेवलंय, असं विचाराल. कारण पेजमेकर ६.५ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामच्या फायली: दिवाळी अंकांची जुनी पानं, स्मरणिका, लग्नपत्रिका. सगळं युनिकोडच्या आधीच्या फाँटात, त्यामुळे मजकूर दुसरीकडे नेला की रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. पेजमेकर चालतो क्लासिकमध्ये, म्हणजे मॅक ओएस ९ चे प्रोग्राम चालवायच्या सोयीत, आणि लेपर्डपासून (१०.५) क्लासिकच गेलं. इंटेल मॅकवर तर ते कधी नव्हतंच.

आता आतली डिस्क कटकट वाजायला लागलीय. ती ठणठणीत असताना कार्बन कॉपी क्लोनर या प्रोग्रामने बाहेरच्या डिस्कवर पूर्ण क्लोन, म्हणजे सिस्टमसकट हुबेहूब प्रत, घेतलेला आहे. त्या डिस्कला फायरवायर ४०० आणि यूएसबी दोन्ही आहेत, वीज स्वतःच्या अडॅप्टरवर. मशीन चालू असताना ती डेस्कटॉपवर येते, फायली उघडतात. पण ऑप्शन दाबून धरून सुरू केलं की फक्त आतली डिस्क दिसते. दोन्ही केबली लावून पाहिल्या. उपयोगाचं असेल तर सांगतो: क्लोन घेण्याआधी ही डिस्क ऑफिसातल्या इंटेल आयमॅकवर पार्टिशन केली होती.

क्लोनमध्ये काही राहिलंय का? आतली डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही, म्हणून उगाच प्रयोग करायला धजत नाही.

खटपट्या:
यूएसबीचा नाद सोडा. तुमच्या जी५ सारख्या पॉवरपीसी प्रोसेसरच्या मॅकला यूएसबीवरून बूट करणं, म्हणजे सुरू करणं, अधिकृतपणे नाहीच. ओपन फर्मवेअरमध्ये, म्हणजे सिस्टमच्या आधी मशीन जागं करणाऱ्या प्रोग्राममध्ये, शिरून काही जण जमवतात, पण तो हौशी लोकांचा खेळ. फायरवायरच लावा, मॅक सुरू करण्याआधी डिस्क चालू करून ठेवा, आणि ऑप्शनच्या स्क्रीनवर जो गोल बाण असतो तो दाबा. त्याने पुन्हा शोध घेतला जातो. कधीकधी डिस्क उशिरा जागी होते.

धागाकर्ता:
गोल बाण दाबला. थोडा वेळ घड्याळ दिसलं, मग पुन्हा तीच एक डिस्क.

मॅकवाली मावशी:
इंटेलवर पार्टिशन केलीत ना, तिथेच मेख आहे. डिस्कचे भाग कुठे आहेत याची नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत: इंटेल मॅक जीयूआयडी पार्टिशन टेबल वापरतात, पॉवरपीसीला बूट व्हायला अ‍ॅपल पार्टिशन मॅप लागतो. टायगर चालू असताना जीयूआयडी डिस्क वाचता येते, म्हणून फायली उघडतात. पण बूट करताना टायगर अजून आलेलाच नसतो, तिथे काम फर्मवेअरचं, आणि त्याला ती भाषा येत नाही. खात्री करायची तर टर्मिनलमध्ये 'डिस्कयुटिल लिस्ट' चालवा, पहिल्याच ओळीत कोणती स्कीम आहे ते दिसेल.

मात्र लगेच इरेज करू नका! आतली डिस्क आजारी असताना तो क्लोन ही तुमची एकमेव धड प्रत आहे. आधी तिची प्रत दुसरीकडे न्या.

बोरूबहाद्दर:
थोडं अवांतर. शीपशेव्हर नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मॅकची नक्कल करणारा प्रोग्राम आहे, तो नव्या मशीनवर मॅक ओएस ९.०.४ पर्यंत चालवतो. पेजमेकर ६.५ त्यात चालायला हवा. जी५ किती वर्षं ओढणार?

धागाकर्ता:
मावशी, जीयूआयडीच निघालं. शीपशेव्हर सवडीने बघतो, आत्ता दिवाळी अंकाचं काम डोक्यावर आहे. ऑफिसातल्या आयमॅकवर जागा भरपूर आहे. तिथे क्लोनची डिस्क इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची एकाच फायलीतली प्रत, करून ठेवली तर पुढे काय करायचं?

मॅकवाली मावशी:
उत्तम. इमेज झाली की ती एकदा उघडून दोन-चार पेजमेकर फायली आहेत ना बघा. मग त्याच आयमॅकवर डिस्क युटिलिटीत पूर्ण डिस्क निवडा, त्याखालचा व्हॉल्यूम नाही. पार्टिशनच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅपल पार्टिशन मॅप घ्या, फॉरमॅट मॅक ओएस एक्स्टेंडेड, जर्नल्ड. आता इमेज रिस्टोअर करा. फायली फाइंडरमधून ओढून टाकू नका, त्याने अदृश्य फायली आणि परवानग्या नीट येत नाहीत.

डिस्क जी५ला लावल्यावर तिच्या गेट इन्फोमध्ये ओनरशिप दुर्लक्षित करण्याची खूण असेल तर काढा. मग सिस्टम प्रेफरन्सेसमधल्या स्टार्टअप डिस्कमध्ये ती निवडून रीस्टार्ट.

खटपट्या:
आणि बूट झालं की आतली डिस्कही बदलूनच टाका. जी५ मध्ये साधी साडेतीन इंची साटा जोडणीची डिस्क लागते. तुमच्या कॅमेरा नसलेल्या मॉडेलचं मागचं झाकण खालच्या तीन स्क्रूंवर निघतं. फायरवायरची जादा केबल मात्र आत्ताच घेऊन ठेवा, लॅमिंग्टन रोडलासुद्धा आता शोधावी लागते.