आयएसई टाकून द्या म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

रामबागकर
परवा इथे एकाने लिहिलं, "पॉवरशेल आयएसई उघडणारा माणूस २००९ सालात अडकलाय. नव्या मुलांनी त्याला हातही लावू नये, सरळ व्हीएस कोड घ्यावा." तेव्हापासून डोक्यात बसलंय, म्हणून सविस्तर लिहितो. नव्यांसाठी: पॉवरशेल म्हणजे विंडोजला लिहून आज्ञा द्यायची भाषा, अशा आज्ञांची फाइल म्हणजे स्क्रिप्ट. आयएसई हा ती लिहायचा विंडोजसोबत येणारा एडिटर, व्हीएस कोड वेगळा बसवावा लागतो.

असं म्हणणाऱ्याचं सगळं काम एका लॅपटॉपवर चालत असणार. माझं इंदूरच्या सियागंजातल्या दुकानांत, दवाखान्यांत आणि एका शाळेत चालतं. समोर येईल ते मशीन. विंडोज १० असो की ११, आयएसई तिथे आधीच असतं. व्हीएस कोडसाठी मालकाची परवानगी, मग इंटरनेट, त्यावर पॉवरशेलचं एक्स्टेन्शन. बिलिंगच्या मशीनला इंटरनेट न देणारा मालक शहाणाच असतो, त्याच्याशी मी का भांडू?

आणि सोय बघा. वर स्क्रिप्ट, खाली आज्ञा टाइप करून चालवायचा कन्सोल. चार ओळी निवडून एफ८ दाबलं की तेवढ्याच चालतात. जुनी बिलं हलवायची असली तर आधी यादी काढणारी ओळ चालवतो, यादी डोळ्यांखालून घालतो, मगच हलवणारी. एफ९ने ब्रेकपॉइंट, म्हणजे त्या ओळीशी स्क्रिप्ट थांबते. उजवीकडच्या पट्टीत आज्ञा निवडली की तिचे पॅरामीटर, म्हणजे तिला द्यायची माहिती, फॉर्मसारखे समोर येतात. बी.कॉम. झालेली पोरं माझ्याकडे त्या फॉर्मवरूनच शिकली. नुसता काळा कन्सोल दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी फिरकली नसती.

पिथमपूर बी-शिफ्ट
दादा, ती पोस्ट माझी नाही, पण मत माझंही तेच. तुमच्या आयएसईत एफ५ दाबलं की पूर्ण स्क्रिप्ट चालू सत्रातच, म्हणजे आधीच उघड्या पॉवरशेलमध्येच, चालते आणि तिची व्हेरिएबलं, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या किमती, मागे उरतात. आमच्या प्लांटवर एका मुलाने रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली. दिवसभर आयएसईत चोख चालली. फोल्डरचा पत्ता त्याने सकाळी खालच्या कन्सोलमध्ये भरला होता, स्क्रिप्टमध्ये नव्हताच. रात्री ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरने ती कोऱ्या सत्रात चालवली, पत्ता रिकामा, कॉपी काहीच नाही. वर शेड्यूलर "यशस्वी" म्हणत राहिला, कारण असल्या चुकांनी स्क्रिप्ट थांबत नाही आणि शेवटी शून्यच, म्हणजे "सगळं ठीक", परत देते. डिस्क गेली तेव्हा कळलं. शिव्या त्या मुलाने खाल्ल्या.

शिवाय आयएसई पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीपुढे जात नाही. पॉवरशेल ७ येऊन वर्षं झाली, २०२० साली आलं. मायक्रोसॉफ्टनेच आयएसईत नव्या सोयी घालणं बंद केलंय.

रामबागकर
मुलाला नीट शिकवलं नाही, दोष एडिटरला? स्क्रिप्टच्या वर स्ट्रिक्ट मोड लावायचा, न भरलेलं व्हेरिएबल वापरलं की तो चूक दाखवतो. कंट्रोल-टी दाबून नवा टॅब घ्यायचा, प्रत्येक टॅबचं सत्र वेगळं असतं, असे आठ उघडतात.

पिथमपूर बी-शिफ्ट
स्ट्रिक्ट मोड दिवसा काय पकडणार? व्हेरिएबल सत्रात जिवंतच आहे. तक्रार करेल ती रात्री, आणि तेव्हा ऐकायला कोण बसलंय? व्हीएस कोडमध्ये दर वेळी नव्या कन्सोलमध्ये चालवायची सेटिंग आहे. एकदा लावा, विषय संपला.

तुकोगंजकर
तुम्ही दोघं सत्रांवर भांडा, माझं दुखणं वेगळं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या मंडळाच्या सभासदांची यादी देवनागरीत आहे. व्हीएस कोडमध्ये स्क्रिप्ट लिहिली, त्यात फोल्डरचं नाव "वर्गणी". ५.१ मध्ये चालवली तर नावाची खिचडी. कारण व्हीएस कोड यूटीएफ-८ (युनिकोड) फाइल बीओएमशिवाय, म्हणजे सुरुवातीच्या ओळखखुणेशिवाय, जतन करतो आणि ५.१ तिला जुनी एएनएसआय, म्हणजे युनिकोड नसलेली, समजून वाचतं. आयएसई नवी फाइल बीओएमसकट जतन करतं, तिथे हा त्रासच नाही. खालच्या पट्टीत देवनागरीही नीट दिसते, काळ्या कन्सोलमध्ये चौकोन दिसतात.

पण यादीची सीएसव्ही फाइल? ५.१ मधली एक्सपोर्ट-सीएसव्ही ही आज्ञा वेगळं सांगितलं नाही तर आस्कीत, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांत, लिहिते. पत्त्यांच्या चिठ्ठ्यांवर सगळीकडे प्रश्नचिन्हं छापली गेली. दिवाळीच्या तोंडावर! एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ द्यावंच लागतं. ७ मध्ये एक्सेलसाठी वेगळं "बीओएमसकट" सांगावं लागतं.

जुनी इंदूर
ताई, तुमची यादी युनिकोडमध्ये आहे हेच भाग्य. इथल्या अर्ध्या कचेऱ्या अजून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बोटं बसलीत, सोडायची तयारी नाही. पडद्यावर देवनागरी, फाइलमध्ये रोमन अक्षरं. त्यावर शोध, क्रमवारी, जुळणी, काही म्हणता काही होत नाही. त्यात हिंदी नोंदीत "काळे"चं "काले" आणि "गोखले" मात्र शाबूत. दोन याद्या जुळवायला बसलो की ळ असलेली आमची निम्मी आडनावं गळतात.

परदेशीपुरा
कृतिदेवला नावं ठेवू नका भिया. माझ्या वडिलांनी त्यावर टायपिंग करून आमची शिक्षणं केली. तुमच्या स्क्रिप्टला वाचता येत नसेल तर स्क्रिप्ट सुधारा.

जुनी इंदूर
वडिलांच्या कष्टांबद्दल आदर आहे, फॉन्टबद्दल नाही. उद्या त्यांनी टाइप केलेलं कुणाला सापडलंच नाही तर ते कष्ट गेले कुठे? बदलणारी स्क्रिप्ट मी लिहिलीय. नुसती अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, ती मागे न्यावी लागते. रफार शेवटी असतो, तो पुढे आणावा लागतो. जोडाक्षर आलं की अजून पंचाईत. हे तपासताना एकेक ओळ एफ८नेच चालवली, हे मात्र खरं.

पिथमपूर बी-शिफ्ट
धागा एडिटरचा आहे, फॉन्टचा नाही! आणि एफ८ व्हीएस कोडमध्येही आहे. आयएसईत नेटवर्क तपासायचं साधं एनएसलुकअप नुसतं टाकलं तरी चालत नाही, डिस्कचे भाग करणारं डिस्कपार्टही नाही, ते मध्ये थांबून पुढच्या आज्ञेची वाट बघतात म्हणून. सर्व्हर कोअर या डेस्कटॉप नसलेल्या विंडोज सर्व्हरवर तर आयएसई नसतंच. "सगळीकडे असतं" कसं म्हणता?

रामबागकर
सियागंजात सर्व्हर कोअर दाखव, मी पेढे देतो. बाकी तुझं सत्राचं म्हणणं घेतो, तेवढंच. पोरांना आता सांगेन, शेड्यूलरला देण्याआधी आयएसई बंद करून कोऱ्या कन्सोलमध्ये, प्रोफाइलशिवाय (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आपल्या आज्ञांशिवाय), पूर्ण फाइल चालवून दाखवा. पण लिहायचं आयएसईतच.

पिथमपूर बी-शिफ्ट
कोऱ्या सत्रात चालवणार असाल तर माझं भांडण निम्मं मिटलं. देवनागरीच्या बाबतीत ताईंचं बरोबर आहे, आमच्याकडे मटेरियलची नावं रोमनमध्ये असतात म्हणून कधी लक्षात आलं नाही. पण नवीन मुलाला मी व्हीएस कोडच देणार.

तुकोगंजकर
द्या, पण पॉवरशेलच्या फाइलींसाठी एन्कोडिंग बीओएमसकट करून द्या. जुनी इंदूर, ती कृतिदेवची स्क्रिप्ट इथे टाका. आमच्या १९९८ पासूनच्या इतिवृत्तांच्या फाइली त्याच फॉन्टमध्ये आहेत, आणि त्यात काळे, आगळे, पळशीकर सगळे आहेत.