‘म्हाताऱ्यांनी आता अल्बम काढू नयेत’ म्हणणाऱ्यांना उत्तर

खर्जातला (धागाकर्ता)

परवा इथेच एका धाग्यावर ‘कॅसेटयुगी’ यांनी लिहिलं : ‘हेवी मेटल १९९१ साली संपलं. सेव्हन्टी टू सीझन्स, सेनजुत्सू, इन्व्हिन्सिबल शील्ड, सगळं जुनंच उगाळलेलं. म्हाताऱ्यांनी आता अल्बम काढू नयेत, दौरे करावेत, जुनी गाणी वाजवावीत आणि घरी जावं.’ खाली सहमतीची रांग लागली. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते आवरेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

अनुक्रमे मेटॅलिका, आयर्न मेडन नि जुडास प्रीस्ट या तीन वेगळ्या बँडांचे तीन वेगळ्या प्रकृतीचे अल्बम एकाच तागडीत टाकले की ते ऐकायची जबाबदारी उरत नाही. मला चीड आली ती त्याची.

इन्व्हिन्सिबल शील्ड घ्या. २०२४ चा अल्बम, प्रीस्टचा गायक हॅलफर्ड तेव्हा ७२ वर्षांचा. त्यातलं पहिलं गाणं ‘पॅनिक अटॅक’ सुरू होतं तेच सिंथ गिटारच्या (सिंथेसायझर जोडलेल्या गिटारच्या) आवाजाने, म्हणजे त्यांच्याच १९८६ च्या ‘टर्बो’ अल्बममधला तोच आवाज, ज्यावरून लोकांनी प्रीस्टला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. तो मुद्दाम पहिल्याच गाण्याच्या तोंडाशी ठेवायला हिंमत लागते. मग रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) सुटतो आणि पुढे फॉकनर नि टिप्टनच्या गिटारी एकमेकींना जागा देत चढत जातात. टिप्टनला पार्किन्सन्स आहे हे २०१८ मध्येच जाहीर झालं होतं. दौऱ्यांवर त्याची जागा अँडी स्नीपने घेतली, पण गाणी रचणाऱ्यांत टिप्टनचं नाव आजही आहे. फॉकनरची महाधमनी २०२१ मध्ये मंचावर, ‘पेनकिलर’ वाजवताना फाटली. दहा तासांची शस्त्रक्रिया झाली आणि गडी परत आला. आजारपणाचे वाढीव गुण मी देत नाहीये. ऐका आणि वाईट म्हणा, पण ‘पाट्या टाकल्या’ म्हणू नका. पाट्या टाकणारी माणसं अशी वाजवत नाहीत.

सेव्हन्टी टू सीझन्समध्ये पाणी घातलंय, हे मलाही दिसतं. पण ‘इनामोराटा’? ११ मिनिटं १० सेकंद, मेटॅलिकाचं आजवरचं सर्वांत लांब गाणं. मध्यावर सगळं थांबतं, फक्त त्रुहियोची बेस गिटार उरते, आणि मग एकेक गिटार आत येते. हे १९९१ च्या मेटॅलिकाने केलंच नसतं. तेव्हा त्यांना गाणी आटोपशीर करायची होती.

कॅसेटयुगी

ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. तिन्ही अल्बम मी पुरते ऐकलेत, तेव्हा ‘जबाबदारी’ वगैरे मला शिकवू नका.

सेव्हन्टी टू सीझन्स ७७ मिनिटं. सेनजुत्सू ८२ मिनिटं, दोन सीड्या. सेनजुत्सूची शेवटची तीन गाणी, तिन्ही मेडनचा बेस वाजवणाऱ्या एकट्या स्टीव्ह हॅरिसची, मिळून ३४ मिनिटं. स्लेयरचा अख्खा ‘रेन इन ब्लड’ २९ मिनिटांत संपतो, १० गाण्यांसकट. आता सांगा, कोणाकडे सांगण्यासारखं जास्त होतं?

एलपीच्या एका बाजूला धड वीस-बावीस मिनिटं मावायची. त्यामुळे बँडला बसून ठरवावं लागायचं की कुठलं गाणं फेकायचं. फेकण्यातच अर्धी कला होती. आज या लोकांना ‘हे काप’ म्हणायची कोणाची छाती होत नाही. हॅरिस तर स्वतःच सहनिर्माता, त्याला कोण अडवणार? तोच मंद इंट्रो, तोच दौडत जाणारा बेस, मग तीच सुरावट गिटारवर, पुन्हा आवाजात, पुन्हा गिटारवर. कान किटले.

डबल_पेडल

लांबीवरून काय भांडताय? मुळात हे अल्बम *ऐकवत* नाहीत, कारण त्यांचा आवाजच मारून टाकलेला असतो. मी ड्रम वाजवतो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे लांबलं तर लांबू दे.

मेटॅलिकाचा डेथ मॅग्नेटिक, २००८. प्रत्येक ठोक्याचं टोक छाटून सगळं एका रेषेत आणलेलं. गिटार हिरो या खेळासाठी दिलेल्या त्याच गाण्यांत आवाज मोकळा होता, हे श्रोत्यांनीच शोधून काढलं. हजारोंनी सह्या करून नवं मिक्स मागितलं. मास्टरिंग (मिक्स झाल्यावर आवाजावरचा शेवटचा हात) करणाऱ्या टेड जेन्सनलाही सांगावं लागलं की माझ्याकडे आलं तेव्हाच ते भिंतीला टेकलेलं होतं.

स्नेअरवर (तळाशी तारा असलेल्या छोट्या ड्रमवर) काठी पडते त्या पहिल्या क्षणात सगळी जान असते. आधी टोकदार ‘टक्’, मग कातड्याचा नि खालच्या तारांचा आवाज. कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठा आवाज एका पातळीवर दाबणं, अति झालं की ते टोक जातं आणि उरतो बोथट ‘थप्’. वर किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) ट्रिगर, म्हणजे ठोक्याऐवजी तयार आवाज वाजवणारं यंत्र, लावून प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा. दोन पायांनी वाजवलेला ड्रम नव्हे, टाइपरायटर चालू आहे असं वाटतं.

आमच्या बँडचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी ‘घोस्ट नोट्स’ (अगदी हळू द्यायचे ठोके) जीव ओतून वाजवल्या होत्या. मिक्स हातात आलं तर माझा स्नेअरच नाही! मिक्स करणाऱ्याने न विचारता सगळीकडे तयार सॅम्पल बसवलं होतं. हळू वाजवलेले ठोके सरसकट गायब. विचारलं तर म्हणाला, ‘हल्ली असंच असतं.’ तेव्हापासून कुठलाही नवा अल्बम आला की मी आधी स्नेअर ऐकतो, गाणं नंतर.

रिफवेडी

तुम्हा लोकांची गंमत वाटते. धागा नव्या अल्बमांचा आणि नावं सगळी आजोबांची.

ब्लड इन्कँटेशनचा ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ ऐकलात का कोणी? २०२४ चाच. दोनच रचना, प्रत्येकीचे तीन भाग, आणि सगळं पाऊण तासाच्या आत. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत ध्वनिमुद्रण, टँजरिन ड्रीम या जुन्या जर्मन सिंथ बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग पाहुणा. पिसाळलेलं डेथ मेटल चालू असताना खालची जमीन सरकते आणि आपण सिंथच्या पोकळीत तरंगत असतो. सांधा कुठे होता ते चार वेळा मागे जाऊन ऐकलं तरी मला सापडला नाही. कॅसेटयुगी, तुमचं ‘फेकण्याची कला’ प्रकरण इथे जिवंत आहे. १९९१ साली संपलं म्हणे!

आणि ओपेथ. ‘वॉटरशेड’नंतर, म्हणजे २००८ नंतर, ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये त्यांचा गायक ऑकरफेल्ट पुन्हा ग्राउल करतोय, म्हणजे घशातून गुरगुरत गातोय. बापाच्या मृत्युपत्राचं वाचन ही कथा, त्यात ग्राउल आलाय तो बापाच्या आवाजासारखा. जेथ्रो टलचा इयन अँडरसन निवेदन करतो, बासरी वाजवतो. ज्या बँडने १९८९ च्या ग्रॅमीत मेटॅलिकाला हरवलं म्हणून मेटलवाले अजून दात खातात, त्याच बँडचा माणूस.

अनुनाद

डबल_पेडल, आवाजाबद्दल सहमत, पण एक भाग अर्धवट आहे. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्यांचा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या जोराचं एकक) पातळीवर आणून ठेवतात. म्हणजे ठासून भरलेला अल्बम तिथे खाली ओढला जातो आणि मोकळ्या अल्बमपेक्षा उलट मरगळलेला वाटतो. जोरात वाजण्याचा फायदाच संपला, तरी सवय सुटत नाही, हे दुखणं आहे.

आणि ‘विनाइल (एलपी) घ्या, त्यात डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू नि जोराच्या आवाजातलं अंतर, जास्त’ म्हणणारे आत्ता येतीलच. मीटरवर विनाइलचा आकडा जास्त येतो, कारण खाचेतून सुईने वाचताना आवाजाची शिखरं हलतात. मास्टर तोच असला तरी आकडा फुगतो. त्या आकड्याला भुलू नका, कानाने ठरवा.

कॅसेटयुगी

म्हणजे आता विनाइलवाल्यांचीही अक्कल काढली. माझ्याकडे एलपी आहेत, त्या मला उत्तम ऐकू येतात. आकडे तुमच्याकडेच ठेवा.

डबल_पेडल, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. जुन्या काळी असला आवाज नव्हता.

डबल_पेडल

नव्हता? मेटॅलिकाचं १९८८ चं ‘जस्टिस’ काढा. तेव्हाच्या बेसवाल्या न्यूस्टेडचा बेस शोधून दाखवा. बिचाऱ्याने अख्खा अल्बम वाजवला आणि मिक्समध्ये त्याला गाडला. सुवर्णकाळातच गाडला. मी तुमच्या बाजूचा नाही, मी चांगल्या आवाजाच्या बाजूचा आहे. जुनं म्हणून सोनं हे मला मान्य नाही, आणि मला परस्पर तुमच्या गटात ओढू नका.

कॅसेटयुगी

‘जस्टिस’चे रिफ बेसशिवायही उभे राहतात. नव्या अल्बमांना चारही वाद्यं देऊन उभं राहता येत नाही. स्नेअर, ट्रिगर, एलयूएफएस... श्रोता गाण्यासाठी येतो हो. चाल लक्षात राहत नसेल तर ‘टक्’ आणि ‘थप्’ घेऊन काय करू?

डबल_पेडल

चाल लक्षात राहायला ती आधी कानात शिरावी लागते! सपाट आवाजाने वीस मिनिटांत कान थकतो, मग सगळी गाणी सारखीच वाटणार. तुम्हाला ‘उगाळलेलं’ वाटतं त्यातलं निम्मं कदाचित मास्टरिंगचं पाप असेल, हे तुमच्या डोक्यात शिरत नाही कारण शिरवून घ्यायचं नाहीये.

खर्जातला

भाषा सांभाळा दोघेही. आणि धागा मास्टरिंगचा नव्हता.

मंद्रसप्तक

एरवी फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होता. ते ॲकॉर्डियन वाजवायचे. आधी करंगळी मागे पडायला लागली, मग उजव्या हाताचा वेग गेला. सूर डोक्यात शाबूत होते, ते तोंडाने सांगायचे, ‘इथे खाली ये, आता थांब,’ आणि मी वाजवायचे. हाताने येत नाही म्हणून त्यांचं संगीत संपलं होतं असं कोणी म्हटलं असतं तर मी त्या माणसाला घरात घेतलं नसतं. टिप्टनने इन्व्हिन्सिबल शील्डमध्ये किती वाजवलं याचा हिशेब लोक मांडतात तेव्हा मला हेच आठवतं. कॅसेटयुगी, अल्बम आवडला नाही हे तुम्ही जरूर लिहा. ‘घरी जावं’ हे कोणी कोणाला सांगायचं नसतं.

कॅसेटयुगी

मंद्रसप्तक, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. ‘घरी जावं’ हे शब्द मागे घेतो. तेवढेच. अल्बमांबद्दलचं मत मागे घेत नाही.

आणि खर्जातला, काल रात्री ‘इनामोराटा’ पुन्हा लावलं. बेस एकटा उरतो तो भाग चांगला आहे. हे कबूल करताना मला आनंद होत नाहीये. पण त्याआधीची अकरा गाणी ऐकायला लावून मग हे देणार असतील, तर माझी तक्रार कायम आहे. हे गाणं, ‘लक्स ईटर्ना’ आणि आणखी चार, एवढाच अल्बम काढला असता तर मी पहिला उभा राहिलो असतो.

खर्जातला

चार कुठली? मी ‘शॅडोज फॉलो’ सोडणार नाही.

रिफवेडी

पुन्हा मेटॅलिका. ब्लड इन्कँटेशन अजूनही कोणी ऐकलेलं नाही, बरोबर?

डबल_पेडल

मी ऐकलं. स्नेअर खरा आहे. हळू ठोके हळू ऐकू येतात, जोराचे जोरात. दुसरी रचना आज रात्री हेडफोन लावून ऐकतो आणि मग सविस्तर लिहितो. कॅसेटयुगी, तुम्हीही ऐका, मग भांडू.

कॅसेटयुगी

ऐकेन. डेथ मेटल मला झेपत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.