डीएनए एकटा पुरत नाही

औषधी वनस्पतींतली भेसळ पकडायला डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं) असताना रसायनांची तपासणी कशाला हवी, असं कुणीतरी विचारलंय. माझ्या मते दोन्ही हव्यातच, कारण दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

अश्वगंधेचंच घ्या. औषधात मूळ हवं, पण चूर्णात पानं मिसळली तर डीएनए काही बोलणार नाही. झाड तेच, तर डीएनएही तोच! तिथे विदानोलाइड्सचं, म्हणजे अश्वगंधेतल्या खास रसायनांचं, प्रमाण बघावं लागतं. त्यांतलंच एक विदाफेरिन-ए पानांत सहसा मुळांपेक्षा जास्त असतं. शिवाय काढा किंवा अर्क करताना डीएनएचे तुकडे होतात, मग बारकोडिंगसाठी आयटीएस-२ सारखा डीएनएचा आखूड भाग तरी हाती लागला तर नशीब.

उलट बाजूही आहे. हवामान, माती, काढणीची वेळ यांनुसार रसायनं बदलतात, जाती मात्र बदलत नाहीत. वाळलेल्या तुकड्यांत जवळच्या जाती ओळखायला डीएनएच बरा.

हे सगळं किती गंभीर आहे ते बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफानिया या वनस्पतीऐवजी अॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली, कारण दोघींची चिनी नावं मिळतीजुळती. शंभराच्या आसपास जणांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली, अनेकांची तर निकामी झाली, बहुतेक सगळ्या स्त्रिया. चूर्णात स्टेफानियातलं टेट्रांड्रिन सापडेना, अॅरिस्टोलोकियातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल मात्र सापडलं. ही तपासणी कच्चा माल आला त्याच दिवशी व्हायला हवी होती.

रसायनांच्या अशा तपासणीसाठी एचपीटीएलसीच्या (पातळ थरावर रसायनं वेगळी करण्याच्या पद्धतीच्या) प्लेटवर अस्सल नमुना आणि संशयित नमुना शेजारी शेजारी चालवा. अतिनील प्रकाशात एखादा पट्टा कमी-जास्त असला की लगेच नजरेत भरतो.