घनाच्या आत चतुष्फलक: बागेतल्या शिल्पाची मापं तपासून द्याल का?

ऐरोलीच्या_बाई:
२८ वर्षं शाळेत भूमिती शिकवली. आता सोसायटीच्या बागेत, जुन्या कारंज्याच्या कट्ट्यावर शिल्प बसवायचंय. बाकीच्यांना डॉल्फिन हवा होता. मी पाइपांचा पोकळ घन मागितला आणि सगळे कबूल झाले!

घनाची कड १२०० मिमी. त्याच्या आठ कोपऱ्यांतले एकाआड एक असे चार जोडले की चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार. प्रत्येक बाजूवर एकच कर्ण, म्हणजे १६९७ मिमीचे सहा पाइप. या कर्णांचे मध्य जोडले की आत अष्टफलक (आठ त्रिकोणी बाजूंचा), कड ८४९ मिमी. घनफळांचं गुणोत्तर ६ : २ : १. फळ्यावर हे कितीदा लिहिलं, पण मुलांच्या हातात कधी देता आलं नाही. ती रुखरुख अजून आहे.

घन डुगडुगेल का? आणि नुसत्या सांगाड्यावरून मुलांना घनफळ कसं कळेल?

वेल्डर_रबाळे:
बाई, नुसता घन डुगडुगतोच. पण तुमच्या कर्णांनी प्रत्येक बाजूचे दोन त्रिकोण केलेत, आता हलणार नाही. त्रास कोपऱ्यांचा आहे. चार कोपऱ्यांत सहा-सहा पाइप येतात, तिथे भरीव गोळा घ्या. १६९७ हे मध्य ते मध्य माप, पाइप गोळ्याच्या हिशेबाने कमी कापायचा. खाडीची हवा नुसत्या रंगाला जुमानत नाही, वेल्डिंगनंतर गॅल्व्हनाइझ करून घ्या, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवून. त्याआधी प्रत्येक पाइपला भोकं हवीतच. बंद पाइप गरम जस्तात बुडवला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फुटतो, जवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेततं.

घोडबंदरची_आई:
शेजारी पत्र्याची दोन भांडी ठेवा. ३० सेंमी कडेचा, वरून उघडा घन, आणि त्यात बसेल असा चतुष्फलक, टोक खाली, वरची बाजू उघडी. एकात २७ लिटर पाणी मावतं, दुसऱ्यात ९. मुलं तीनदा ओतून स्वतःच बघतील.

ऐरोलीच्या_बाई:
भांडी नक्की करते! वेल्डरदादा, तुमचं वाचून वही काढली. आठ कोपरे, प्रत्येकाला सरकायला तीन दिशा: २४. अख्खा घन सरकवायच्या आणि फिरवायच्या मिळून सहा रीती वजा केल्या, उरले १८. एक पाइप एक हालचाल अडवतो. आपले पाइप कडांचे १२ अधिक कर्णांचे ६. तेही १८! एकही जास्तीचा नाही. इतकी वर्षं हा कर्ण मी फक्त लांबी काढायला वापरला, तो घनाला धरून ठेवतो हे एकदाही वर्गात सांगितलं नाही.

मग अष्टफलकावर भार नाही, तो बारीक सळईचा केला तर चालेल ना? कर्ण पिवळे करणार आहे, घन करडा.

वेल्डर_रबाळे:
चालेल. पण मुलं त्यावर चढणारच, सळई १२ मिमीच्या खाली नको.