रोगराई सहकार्याची शत्रूच असते का?
गट मोठा झाला की संसर्ग वाढतो, म्हणून रोगराई सहकार्याला मारकच, असं म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. रोगामुळे सहकार्य अधिक घट्टही होतं. लासियस नेग्लेक्टस जातीच्या मुंग्या पाहा. कोशातल्या पिल्लाला मेटारायझियम बुरशी लागली की त्याचा वास बदलतो. कामकरी मुंग्या तो ओळखतात, वरचं रेशमी वेष्टन फाडतात, पिल्लाला चावून भोकं पाडतात आणि फॉर्मिक आम्ल आत सोडतात. पिल्लू जातं, पण बुरशीला बीजाणू धरायची संधीच मिळत नाही. क्रूर वाटतं, पण विषाणू शिरलेल्या पेशीला आपलं शरीरही असंच संपवतं.

मात्र रोगाशी संबंधित प्रत्येक बदलाचं श्रेय समूहजीवनाला देऊ नये. २००६ साली मधमाशीचा जनुकसंच उलगडला तेव्हा प्रतिकारशक्तीची जनुकं फळमाशीच्या जेमतेम एक तृतीयांश निघाली. पोळ्यातल्या सामूहिक स्वच्छतेमुळे ती गळाली असावीत, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण २०१५ मध्ये पोळं न करता एकट्या राहणाऱ्या मधमाशीच्या जातीतही ती तितकीच कमी आढळली. म्हणजे ही घट पोळं करून राहण्याच्या आधीची. मला तर हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.