मदत हवी आहे: अँगस मॅकमिलनला मराठीत काय म्हणू?

मुलांसाठी अँगस मॅकमिलनवर छोटा लेख लिहितेय. जन्म १८१०, स्कॉटलंडच्या स्काय बेटावर. १८३८ मध्ये ऑस्ट्रेलियात आला, व्हिक्टोरियाच्या पूर्वेकडच्या गिप्सलँड भागातल्या वाटा धुंडाळल्या, १८५९ मध्ये व्हिक्टोरियाच्या विधानसभेत गेला. इथवर ठीक. अडतंय ते त्यानं गिप्सलँडचा ‘शोध लावला’ या शब्दांवर. तिथले मूळ रहिवासी, गुनाईकुर्नाई लोक तिथे हजारो वर्षं राहतच होते की! आणि १८४३ मध्ये वॉरिगल क्रीकला गोऱ्या वसाहतकारांनी याच लोकांचं हत्याकांड केलं, त्याच्याशी मॅकमिलनचंच नाव जोडलं जातं. त्याच्या वाटेवर दगड रचलेली स्मारकं आहेत. तिथल्या मतदारसंघाचं ‘मॅकमिलन’ हे नाव मात्र २०१९ च्या निवडणुकीपासून बदललं.

मग ‘शोधक’ लिहू की ‘वाट काढणारा’? दहा वर्षांच्या मुलांना हत्याकांडाबद्दल किती सांगावं? शिक्षक मंडळींनी जरूर सुचवा. ते गाळायचं मात्र नाहीये मला.