सीईटीला पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर बसतेय, त्या दिवशी नेमकं काय काय होतं?

भुदरगडची_लेक
नमस्कार दादा-ताईंनो. मी गारगोटीजवळच्या गावातली, यंदा बारावी सायन्स. एमएचटी-सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या परीक्षेला, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुप आहे, सेंटर कोल्हापूर आलंय आणि शिफ्ट सकाळची. अभ्यास बऱ्यापैकी झालाय पण खरं सांगते, आजवर कॉम्प्युटरवर एकपण पेपर दिला नाही. शाळेतली लॅब कायम कुलूपबंद, घरी पप्पांचा मोबाईल, त्यावरच सगळ्या टेस्ट सोडवल्या. माऊस धरला की बाण भलतीकडंच पळतोय. गेटवर काय बघतात, आत बसल्यावर काय करायचं, मधेच लाईट गेली किंवा कॉम्प्युटर बंद पडला तर सोडवलेलं सगळं जातं का? गावातनं मी एकटीच बसतेय त्यामुळं विचारायला कोण नाही. पप्पा सोबत येणारेत पण त्यांनाही यातलं काय माहीत नाही. प्लीज जरा सविस्तर सांगा.

रंकाळा_सेकंड_इयर
लाईटीचं आधी सांगतो कारण ते माझ्याच बाबतीत झालंय. दोन वर्षांमागं मी दिली तेव्हा फिजिक्सचा २६ वा प्रश्न सोडवत होतो आणि स्क्रीन एकदम काळी. पोटात गोळाच आला. हात वर केला, मॅडम आल्या, त्यांनी दुसऱ्या मशीनवर बसवलं, परत लॉगिन केलं, बघतोय तर आधीची २५ उत्तरं जिथल्या तिथं हिरवी, म्हणजे सेव्ह झालेली, आणि घड्याळ पण जिथं थांबलं होतं तिथनंच पुढं चालू. गेला तो फक्त २६ वा, कारण त्याचा पर्याय निवडला होता पण सेव्ह केला नव्हता. म्हणून एक सवय आत्तापासून लावून घे, उत्तरावर टिक केली की लगेच सेव्ह अँड नेक्स्टचं बटण दाब. नुसतं उजवीकडच्या नंबरवर क्लिक करून दुसऱ्या प्रश्नावर उडी मारलीस तर ती टिक सेव्ह होत नाही, हे लई जणांना घरी आल्यावर कळतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. पेपर तीन तासांचा म्हणतात पण तो दीड-दीड तासाचे दोन तुकडे आहेत. पहिली ९० मिनिटं फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५०, प्रत्येकी १ मार्क. ती वेळ संपेपर्यंत मॅथ्स उघडतच नाही, आणि एकदा मॅथ्स सुरू झालं की परत फिजिक्स-केमिस्ट्रीला जाता येत नाही. मॅथ्स ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, त्याला स्वतंत्र ९० मिनिटं. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला एक मिनिटपण नाही, ५४ सेकंद. मी केमिस्ट्री आधी घेतली, थिअरीचे प्रश्न ३०-३५ मिनिटांत झाले आणि उरलेला वेळ फिजिक्सच्या गणितांना मिळाला. माझा रूममेट फिजिक्सपासून सुरू झाला आणि केमिस्ट्रीचे १५-१६ प्रश्न त्याला वाचायलापण मिळाले नाहीत, त्यातले निम्मे तरी त्याला येत होते, त्याची हळहळ त्याला अजून वाटते.

निगेटिव्ह मार्किंग नाही. एकपण प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची पाच मिनिटं फक्त लाल (बघून उत्तर न दिलेले) आणि पांढरे (न उघडलेले) नंबर शोधायला ठेव. जांभळा म्हणजे रिव्ह्यूसाठी, परत बघायला, ठेवलेला, पण त्यातपण फरक आहे, उत्तर देऊन रिव्ह्यूला टाकलेलं धरतात आणि उत्तर न देता टाकलेला तो कोराच.

लॅबवाले_काका
बाळ, मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो, परीक्षांच्या दिवशी हॉलमध्ये ड्युटी असते. पोरं आत आल्यावर कुठं अडकतात ते रोज बघतो म्हणून लिहितोय.

गेटवर हॉल तिकिटाची प्रिंट आणि फोटो असलेलं मूळ ओळखपत्र लागतं. आधारची झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो यावर विसंबू नकोस, मूळ कार्डच आण, आणि हॉल तिकिटावरचं नाव नि आधारवरचं नाव आजच शेजारी ठेवून बघ, आडनाव आधी की नंतर, स्पेलिंग, सगळं. फरक असेल तर आत्ता धावपळ करायला वेळ आहे. मोबाईल, घड्याळ, कॅल्क्युलेटर काहीच आत चालत नाही. कानातलं, बांगड्या, मोठी बटणं असलेला ड्रेस हे टाळलंस तर तपासणीत वेळ जात नाही. घड्याळाची काळजी नको, उलटं मोजणारी वेळ स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात दिसतच असते.

जागेवर बसलीस की स्क्रीनवर तुझं नाव आणि फोटो दिसतो. तो तुझाच आहे ना, हे नीट बघ, आणि नसेल तर तेव्हाच सांग. मग माऊस दोन्ही बटणं दाबून आणि चाक फिरवून बघ. आकृतीचे प्रश्न लांब असतात, खाली सरकवल्याशिवाय चौथा पर्याय दिसत नाही. मागं एक मुलगी अर्धा तास चाक न चालणाऱ्या माऊसवर तशीच झगडत होती, विचारलं तर म्हणाली सर रागावतील वाटलं. कोणी रागावत नाही गं, आम्ही त्याच्यासाठीच उभे असतो, एका मिनिटात माऊस बदलून दिला. कीबोर्डला मात्र हात लावू नकोस, सगळं माऊसवरच होतं. रफ कागद तिथंच मिळतो, त्यावर नाव-नंबर घालायचा आणि जाताना परत द्यायचा. रफ करताना प्रश्नाचा नंबर शेजारी लिहीत जा, परत तपासताना शोधाशोध होत नाही.

गडहिंग्लजकर_पालक
तुझ्या पप्पांसाठी लिहितो. गेल्या वर्षी मुलाला घेऊन पहाटेच्या एसटीनं निघालो, वाटेत गाडी बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. गेट बंद व्हायच्या आधी दहा मिनिटं पोचलो. पोरगं घामाघूम, तसंच पेपरला बसलं. सकाळच्या शिफ्टला साडेसातच्या सुमारास बोलावतात आणि गारगोटीहून दीड तास तरी धरावाच लागतो, त्यामुळं आदल्या दिवशीच कोल्हापुरात या, पाहुण्यांकडं राहा, आणि संध्याकाळी सेंटरच्या दारापर्यंत एकदा जाऊन या. एकाच संस्थेची दोन-तीन कॉलेजं वेगवेगळ्या भागात असतात, नाव सारखं बघून रिक्षावाला भलत्याच ठिकाणी सोडतो. सेंटर पन्हाळा रोडच्या बाजूला असेल तर जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या तारखा पण बघा, केर्लीपासनं गाड्यांची रांग लागते. पालकांना गेटबाहेरच थांबावं लागतं, ऊन कडक, सोबत पाणी आणि टोपी घ्या.

भुदरगडची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. पप्पांना वाचून दाखवलं. बालिंग्यात आत्या आहे, तिच्याकडं आदल्या दिवशी जायचं ठरलं. अजून दोन शंका. फॉर्म मराठीतनं भरलाय तर मॅथ्सपण मराठीत येणार का? आणि प्रत्येक शिफ्टला पेपर वेगळा असतो, मग अवघड शिफ्ट आली तर नुकसान होतं का?

रंकाळा_सेकंड_इयर
फिजिक्स-केमिस्ट्री मराठीत येईल, मॅथ्स मात्र सगळ्यांना इंग्रजीतच. त्यामुळं tangent, slope, at least, mutually exclusive हे शब्द इंग्रजीत ओळखीचे करून ठेव, बाकी आकडेच असतात.

शिफ्टचं टेन्शन नको. मार्क थेट नाही तर पर्सेंटाइल लागतो, म्हणजे शंभरातली किती मुलं तुझ्याइतकी किंवा तुझ्या मागं आहेत ते, आणि तो तुझ्या शिफ्टमधल्या मुलांशी तुलना करून काढतात. पेपर अवघड असला तर तो सगळ्या हॉललाच अवघड असतो. बाहेर आल्यावर कुणी कितीपण सांगू दे, माझे एवढे बरोबर आले, ऐकत उभी राहू नकोस. काही दिवसांनी तुझी उत्तरं आणि उत्तरतालिका लॉगिनमध्ये येतात, तेव्हा निवांत बघ.

आणि माऊसचं आजच सुरू कर. ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर मॉक टेस्टची लिंक असते, गारगोटीत एखाद्या सायबर कॅफेत तास-दोन तास बसून तीच सोडव. पहिल्या दिवशी उत्तर बरोबर-चूक बघूच नको, नुसतं टिक, सेव्ह, खाली सरकव, रिव्ह्यू, परत ये, एवढंच करत राहा.

भुदरगडची_लेक
आज जाऊन आले दादा. पहिली वीस मिनिटं बाण पळतच होता, नंतर हात टेबलावर टेकवून धरला तर थांबायला लागला. पहिल्या भागातल्या पूर्ण १०० प्रश्नांवर नुसत्या टिका करून सेव्ह केल्या. उद्या परत जाणारे, सायबरवाले काका सकाळी आठला उघडून देतो म्हणालेत.